सम्पचा गुडगुडाट, टाकीतले बुडबुडे आणि काठावर येणारे पाणी: रिटर्न पंप व निचरा यांचा मेळ

टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टर व पंप ठेवलेली दुसरी छोटी टाकी, असलेल्या घरगुती मत्स्यालयांत एकच बिघाड निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. सम्पमधील रिटर्न पंप वरच्या टाकीत परत टाकत असलेले पाणी निचऱ्याच्या पाइपाला शांतपणे व सुरक्षितपणे खाली नेता येत नाही, किंवा आज नेता येते आणि महिन्याभराने येत नाही. अशा अनेक टाक्या दुरुस्त केल्यानंतर तपासणीचा जो क्रम मला उपयोगी वाटतो, तो येथे दिला आहे. उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास बनवून घेतली जाणारी ४ फूट × १.५ फूट × १.५ फूट मापाची टाकी धरली आहे. तिच्यात प्रत्यक्षात सुमारे २४० लिटर पाणी असते.

लक्षणे

ओव्हरफ्लोच्या पेटीतून, म्हणजे टाकीतील जास्तीचे पाणी दात्यांमधून जिच्यात पडते व पुढे निचऱ्याच्या पाइपात जाते त्या पेटीतून, सतत गुडगुड किंवा घोट घेतल्यासारखा आवाज येतो. पेटीतील पाण्याची पातळी स्थिर न राहता हळूहळू वर चढते, मग एकदम खाली ओढली जाते आणि हे चक्र ठरावीक अंतराने चालू राहते. रिटर्नच्या तोंडातून टाकीत बारीक बुडबुड्यांचा धूर सुटतो. सम्पमध्ये जेथे निचऱ्याचे पाणी पडते तेथे पाणी उसळते व बाहेर शिंतोडे उडतात. सम्पमधील रिटर्नच्या कप्प्यातील, म्हणजे पंप ठेवलेल्या कप्प्यातील, पातळी इतकी खाली जाते की पंप हवा ओढू लागतो. टाकीतील पाणी नेहमीच्या रेषेपेक्षा वर, काठाजवळ दिसते. वीज जाऊन आल्यानंतर काही मिनिटे पाणी धोकादायक उंचीपर्यंत चढते, किंवा वीज गेल्यावर सम्पच भरून वाहतो.

ही सर्व लक्षणे एकाच वेळी दिसत नाहीत. आवाज आणि वरखाली होणारी पातळी असेल तर बहुधा पाइपातील हवेचा प्रश्न असतो. पातळी केवळ वरच चढत असेल तर निचरा कोठेतरी अडला आहे किंवा पंपाचा प्रवाह वाढला आहे. काठाजवळ पाणी आलेले दिसल्यास कारण शोधत बसू नये. प्रथम रिटर्न पंप बंद करावा आणि मगच पुढचा विचार करावा.

मुळात काय घडते

टाकीतील पातळी स्थिर असते तेव्हा पंप जितके पाणी वर टाकतो, तितकेच पाणी निचऱ्यातून खाली येत असते. त्यामुळे मेळ बसतो की नाही, हा खरा प्रश्न नसून तो कोणत्या उंचीवर बसतो आणि त्या उंचीवर टिकतो का, हा आहे. पंपाचा जोर वाढला की पेटीतील पाणी थोडे वर चढते, पाइपावरचा दाब वाढतो आणि निचराही वाढतो. मात्र हा वाढावा किती असतो, हे पाइप हवेसह वाहतो की पूर्ण भरून सायफनने (हवा न घेता, पाण्याच्या सलग ओढीने) वाहतो, यावर अवलंबून आहे.

पूर्ण भरून वाहणाऱ्या पाइपातील प्रवाह पातळ्यांमधील उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पेटीतील पाणी आणि सम्पमधील पाणी यांत ६० सेंटिमीटरचे अंतर असताना पेटीतील पातळी २ सेंटिमीटरने चढली, तर निचरा २ टक्क्यांनीही वाढत नाही. ताशी १२०० लिटरच्या प्रवाहात ही वाढ जेमतेम २० लिटर भरते. आता पंप आणि निचरा यांत ५ टक्क्यांचा फरक पडला आहे असे समजू. तो ताशी ६० लिटर, म्हणजे मिनिटाला १ लिटर होतो. ओव्हरफ्लोची पेटी २० × १५ सेंटिमीटरची असेल, तर तिच्यातील पाणी मिनिटाला ३ सेंटिमीटरहून अधिक वेगाने चढू लागते. एकाच पाइपावर व्हॉल्व्ह बसवून तो पंपाशी तंतोतंत जुळवण्याचा प्रयत्न म्हणूनच कधीही टिकत नाही. आज जुळवलेला व्हॉल्व्ह शेवाळाच्या एका पापुद्र्याने किंवा पंपाच्या साफसफाईने उद्या चुकीचा ठरतो. निचऱ्याची क्षमता पंपापेक्षा भरपूर जास्त ठेवावी आणि उरलेला फरक सांभाळण्यासाठी दुसरा मोकळा पाइप असावा, हाच टिकाऊ मार्ग आहे. पुढील सर्व तपासण्या या एका गोष्टीकडे नेतात.

फुकटच्या तपासण्या

सर्वप्रथम रिटर्नच्या कप्प्यातील पातळी पाहावी. सम्प असलेल्या रचनेत बाष्पीभवनाने होणारी घट टाकीत दिसत नाही, ती जवळजवळ सगळी याच कप्प्यात दिसते. उन्हाळ्यात, पंखा टाकीवर सोडलेला असताना, ही घट दोन दिवसांतही जाणवण्याइतकी होते. पंप हवा ओढत असेल व टाकीत बारीक बुडबुडे येत असतील, तर पाणी घालून पंधरा मिनिटे थांबावे. बुडबुड्यांच्या बऱ्याच तक्रारी येथेच संपतात. समुद्री टाकीत ही भर गोड्या पाण्यानेच घालायची असते, कारण बाष्पाबरोबर मीठ उडत नाही.

त्यानंतर ओव्हरफ्लोचे दाते आणि पाइपाच्या तोंडावरची गाळणी पाहावी. पाने, शेवाळाचे धागे आणि गोगलगायी ही येथील नेहमीची कारणे आहेत. वनस्पतींच्या टाकीत छाटणीनंतरचे दोन दिवस विशेष जपावे, कारण तरंगणारे तुकडे थेट दात्यांकडे जातात. दाते अडले तर टाकीतील पाणी चढते आणि पेटीतील पाणी उतरते. पाइप अडला तर पेटीतीलही पाणी चढते. या एका फरकावरून अडथळा कोठे आहे ते हात न घालता कळते. गोगलगाय पाइपाच्या आत शिरली असेल तर पंप बंद करून पाइपाचा वरचा भाग उचलून पाहावा. तारेने ढोसल्यास ती पुढच्या एल्बोत (वळणाच्या जोडात) जाऊन बसते.

तिसरी पाहणी सम्पमधील फिल्टर सॉकची, म्हणजे गाळ अडवणाऱ्या कापडी पिशवीची. सॉक गाळाने भरला की पाणी त्याच्या वरून वाहू लागते, आवाज वाढतो आणि बुडबुडे न विरता पुढच्या कप्प्यात जातात. पाइपाचे टोक सॉकमध्ये खोलवर असेल तर निचऱ्यावरही ताण येतो. जास्त मासे असलेल्या टाकीत सॉक दर तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो. बदलणे जमत नसेल तर तो काढून टाकलेला बरा.

चौथी पाहणी निचऱ्याच्या पाइपाचे सम्पमधील टोक किती बुडालेले आहे याची. ते २ ते ३ सेंटिमीटर बुडालेले पुरे असते. अजिबात न बुडल्यास पाणी आपटून आवाज होतो व शिंतोडे उडतात. १०-१५ सेंटिमीटर बुडवल्यास पंप चालू करताना पाइपातील अडकलेल्या हवेला तेवढे पाणी ढकलून बाहेर पडावे लागते, तिला ते जमत नाही आणि वर टाकीत पाणी चढत राहते. वीज आल्यानंतर होणाऱ्या पाणी चढण्याच्या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच कारण आढळले आहे. जास्तीचा पाइप करवतीने कापला की काम होते.

हवेचे छिद्र

हवेसह वाहणाऱ्या एका पाइपाच्या रचनेला, म्हणजे डर्सो पद्धतीच्या उभ्या पाइपाला, टोपणावर हवेचे छिद्र असते. छिद्र फार लहान असेल, किंवा समुद्री टाकीत त्यावर मीठ साचून ते बुजले असेल, तर पाइप मध्येच पूर्ण भरतो, सायफन सुरू होतो, पेटीतील पाणी झपाट्याने ओढले जाते, मग पाइप हवा गिळतो आणि सायफन तुटतो. पातळी वरखाली होण्याचे चक्र ते हेच. छिद्र फार मोठे असेल तर चक्र थांबते, परंतु गुडगुड वाढते. टोपणातील छिद्रात एअर पंपाच्या नळीचा छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह बसवावा आणि तो पूर्ण उघडून हळूहळू बंद करत यावे. प्रत्येक वेळी थोडेसे फिरवून दहा मिनिटे वाट पाहावी. आवाज कमी होतो परंतु चक्र सुरू होत नाही, असे एक ठिकाण सापडते. ते सापडत नसेल तर प्रवाहच पाइपाला जास्त आहे. १ इंची पाइप हवेसह ताशी हजार-बाराशे लिटरपर्यंत शांत राहतो असा माझा अनुभव आहे. त्यापुढे छिद्राशी खेळण्यात वेळ घालवू नये.

प्रवाह मोजणे

अंदाजाने केलेली दुरुस्ती टिकत नाही, म्हणून येथे मोजमाप करावेच. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला कमाल प्रवाह शून्य उंचीवरचा असतो. ३००० लिटर प्रवाह आणि ३ मीटर कमाल उंची असे लिहिलेला पंप १.२ मीटर उंचीवर, सरळ रेषेचा ढोबळ हिशेब धरल्यास, ताशी १८०० लिटरच्या आसपास पाणी देईल आणि त्यातून पाइपांचे घर्षण वजा जाईल.

मोजण्यासाठी रिटर्नच्या तोंडाला नळीचा तुकडा जोडून तो ५ लिटरची खूण असलेल्या बादलीत सोडावा आणि किती सेकंदांत पाणी खुणेपर्यंत येते ते मोबाइलच्या घड्याळावर पाहावे. १८००० ला सेकंदांनी भागले की ताशी लिटर मिळतात; १५ सेकंद लागले तर प्रवाह १२०० लिटर आहे. बादली स्टुलावर टाकीच्या काठाइतक्या उंचीवर ठेवणे आवश्यक आहे. ती जमिनीवर ठेवली तर खाली उतरणारी नळी पाणी ओढते आणि आकडा फुगलेला येतो. मोजणी तीनदा करून सरासरी घ्यावी आणि बादलीतील पाणी दर वेळी परत ओतावे, नाहीतर रिटर्नचा कप्पा रिकामा होऊन पंप हवा ओढेल व आकडा फसवा येईल.

आता टाकीला किती प्रवाह हवा ते ठरवावे. सम्पमधून ताशी टाकीच्या ३ ते ५ पट पाणी फिरले तरी घरगुती टाकीला पुरते. आपल्या उदाहरणात हा आकडा ताशी ७२० ते १२०० लिटर येतो. टाकीत जोरकस हालचाल हवी असेल, तर ती टाकीतच बसवलेल्या वेव्हमेकरने (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने) करावी. दुकानात मोठा पंप सुचवला जातो आणि तो घेतला जातो, तेथूनच या बिघाडाची सुरुवात होते.

पंपाचा प्रवाह कमी करणे

मोजलेला प्रवाह गरजेपेक्षा जास्त असेल तर तो कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डीसी पंप असेल तर कंट्रोलरवर एक-दोन पायऱ्या खाली याव्यात. एसी पंप असेल तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर बॉल व्हॉल्व्ह बसवून तो थोडा बंद करावा, किंवा टी (तीन तोंडांचा जोड) बसवून जास्तीचे पाणी सम्पमध्येच परत सोडावे. बाहेर जाणारी बाजू आवळल्याने या प्रकारच्या पंपाचे नुकसान होत नाही. पाणी आत घेण्याची बाजू मात्र कधीही आवळू नये, त्याने पंप उपाशी राहतो, खडखडतो आणि तापतो.

प्रवाह कमी करण्याऐवजी निचऱ्याचा व्हॉल्व्ह अधिक उघडून काम भागवण्याचा मोह अनेकांना होतो. पूर्ण सायफनवर चालणाऱ्या रचनेत ते योग्यही आहे, पण टाकीला दुसरा, मोकळा पाइप असेल तरच. एकुलत्या एका निचऱ्यावर व्हॉल्व्ह असूच नये. असल्यास तो पूर्ण उघडून त्याची मूठ काढून ठेवावी.

साफसफाईनंतर बिघाड का परततो

हा भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण बिघाड परत परत येण्याचे मूळ येथे आहे. बोअरवेलच्या जड पाण्यात पंपाच्या इम्पेलरवर (फिरणाऱ्या पात्यांवर) क्षार बसतात, पाइपाच्या आत चिकट थर जमतो, आणि दोन्ही प्रवाह एकाच वेळी मंद होत जातात. मंदावलेला पंप आणि अरुंद झालेला निचरा यांचा मेळ आपोआप बसलेला असतो. मग कोणीतरी पंप उघडतो, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून स्वच्छ करतो, पंप नव्यासारखा चालू लागतो आणि त्याच रात्री पाणी काठावर येते. दोष पंपाचा नसतो. निचरा स्वच्छ करायचा राहून गेलेला असतो. पंप आणि निचऱ्याचा पाइप ही दोन्ही कामे एकाच दिवशी करावीत. पाइपासाठी लांब लवचीक ब्रश वापरावा, आम्लाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये, आणि शेवटी प्रवाह पुन्हा मोजून व्हॉल्व्ह नव्याने लावावा.

वीज गेल्याची चाचणी

महाराष्ट्रात पावसाळ्यात वीज जाणे-येणे हे रोजचेच असल्याने ही चाचणी आपण घरी असताना मुद्दाम करून पाहावी. पंप बंद करावा. दात्यांच्या वरचे पाणी खाली येईल, आणि रिटर्नचे तोंड बुडालेले असेल तर तेही उलटे सायफन होऊन टाकीतील पाणी खाली ओढेल. १२२ × ४६ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की सुमारे ५.६ लिटर पाणी खाली येते. ३ सेंटिमीटर उतरल्यास जवळपास १७ लिटर येते आणि अडीच फूट × १ फूट मापाच्या सम्पमध्ये ते साधारण साडेसात सेंटिमीटर उंची व्यापते. पाइपांतील पाणी वेगळेच. सम्पमध्ये एवढी जागा रिकामी नसेल तर चालू असतानाची पातळी कमी ठेवावी आणि रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली एक छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून उलटा सायफन तुटेल. ते छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून दर आठवड्याला काडीने मोकळे करावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्याच्या पडद्याखाली एक कण अडकला तरी तो पूर्ण बंद होत नाही.

मग पंप पुन्हा चालू करावा आणि पातळी स्थिर होईपर्यंत समोर उभे राहावे. शेवटी, हात स्विचवर ठेवून, निचऱ्याचे तोंड हाताशी असलेल्या टोपणाने काही मिनिटे पूर्ण बंद करून पाहावे. रिटर्नच्या कप्प्यातील सर्व पाणी वर गेले तरी टाकी काठोकाठ भरून वाहत नसेल, तर रचना सुरक्षित आहे. २५ × ३० सेंटिमीटरच्या कप्प्यात पंपाच्या तोंडापर्यंत १५ सेंटिमीटर पाणी असेल तर ते सुमारे ११ लिटर भरते, टाकीत ते २ सेंटिमीटर चढते. टाकीत ही २ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवणे हा सर्वांत भरवशाचा विमा आहे. कप्प्यात आपोआप पाणी भरणारे यंत्र जोडलेले असल्यास हा हिशेब मोडतो, कारण कप्पा उतरताच ते आणखी पाणी घालत राहते. त्याची साठवणीची टाकी म्हणूनच लहान ठेवावी, आणि ही चाचणी करताना ते यंत्र बंद ठेवावे.

पाइप बदलणे

वरील सर्व करूनही प्रवाह गरजेइतका असताना पातळी स्थिर राहत नसेल, तर पाइपांकडे वळावे. आडवा पाइप सपाट किंवा उलट्या चढाचा नसावा, त्यात हवा अडकते. ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत. पाइपाच्या मापाबाबत बाजारात नेहमी गोंधळ होतो. शेतीच्या व साध्या पीव्हीसी पाइपाचे २५ मिमी हे बाहेरचे माप असते आणि आतला व्यास २१-२२ मिमीच भरतो, तर शेड्यूल ४० प्रकारच्या १ इंची यूपीव्हीसी पाइपाचा आतला व्यास २६ मिमीच्या पुढे असतो. दोघांना बोलताना १ इंचीच म्हटले जाते, पण दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे दीडपट आहे. त्यांचे जोड एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे खरेदीला जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा.

टाकीला दोन भोके असतील तर एक पाइप पूर्ण सायफनचा करावा, त्याला सम्पजवळ गेट व्हॉल्व्ह लावावा, आणि दुसरा थोडा उंच, व्हॉल्व्हशिवाय, मोकळा ठेवावा. सायफनचा व्हॉल्व्ह असा लावावा की दुसऱ्या पाइपातून पाण्याची केवळ बारीक धार जात राहील. ६० सेंटिमीटर उंचीवर १ इंची पाइप घर्षण, बेंड व व्हॉल्व्ह धरूनही ताशी ३००० लिटरच्या आसपास नेऊ शकतो, त्यामुळे आपल्या १२०० लिटरांना त्यात भरपूर मोकळीक आहे. दुसऱ्या पाइपाने गरज पडल्यास सगळा प्रवाह एकट्याने नेला पाहिजे. सायफन पूर्ण बंद करून हे तपासावे. तीन भोके असतील तर सायफन, हवेसह वाहणारा आणि कायम कोरडा असे तीन पाइप करता येतात, आणि नवी टाकी बनवून घेणाऱ्यांना मी हीच रचना सुचवतो.

कोठे थांबावे

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या जाणवल्या, तर दुसऱ्या कशालाही न शिवता मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. टाकीच्या वीजजोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही त्याच वेळी बसवून घ्यावा. भरलेल्या टाकीच्या सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल किंवा काचेला तडा दिसत असेल, तर पाणी काढण्यास सुरुवात करून टाकी बनवणाऱ्या कारागिराशी संपर्क साधावा. वरून सिलिकॉन फासून भागत नाही.

एकच भोक असलेल्या टाकीला दुसरे पाडायचे असेल, तर ते काम घरी करू नये. बऱ्याच तयार टाक्यांची तळाची काच टफन (उष्णतेने कठीण) केलेली असते आणि ड्रिल लागताच तिचे तुकडे होतात. साधी काच असली तरी कडेपासूनचे अंतर, काचेची जाडी आणि भोकाचा व्यास यांचा मेळ काच कापणाऱ्याच्या अनुभवाचा विषय आहे. काठावरून लटकवण्याचा सायफन पेटीचा पर्यायही मी सुचवणार नाही, कारण त्यात हवा साठली की निचरा थांबतो आणि पंप चालूच राहतो. त्याचप्रमाणे फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर ओल उतरली असेल, तर टाकी बंद ठेवून प्रथम प्लंबरकडून पाणी नेमके कोठून जाते ते पाहून घ्यावे.

कारागिराला बोलावताना टाकीचे व सम्पचे माप, भोकांची संख्या व व्यास, पाइपाचा आतला व्यास, पेटीपासून सम्पच्या पाण्यापर्यंतची उंची, आणि बादलीने मोजलेला प्रवाह एवढे कागदावर लिहून द्यावे. हे आकडे हाती असले की तो पहिल्याच भेटीत योग्य मापाचे पाइप व जोड घेऊन येऊ शकतो.